पिलूं, पेटी आणि कडी

गेल्या ज्येष्ठांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं कुत्र्याचें पिलूं आलें. घर पुण्यांतलें, तिसऱ्या मजल्यावरचें. त्याला अंगण नाहीं, ओटा नाहीं, आहे तो हातभर रुंदीचा एक सज्जा, आणि त्यांत तुळस व कपडे धुण्याचें यंत्र. पिलाबरोबरच लोखंडी जाळीची एक घडीची पेटीहि आली. हल्लीं ह्या पेटीला सर्वत्र 'क्रेट' म्हणतात, आणि नव्या पिलाला तींत निजण्याची, स्वस्थ बसण्याची व तेणेंकरून घर न घाण करण्याची संवय लावणें ह्याला 'क्रेट ट्रेनिंग' असें भारदस्त नांव आहे. पहिल्या रात्रीं चिरंजीवांनीं पिलाला पेटींत घातलें, वर चादर टाकली व कडी लावली. दोन वाजेपर्यंत घरांत कोणाचा डोळा लागला नाहीं. शेवटीं स्नेह्यांच्या मातुःश्री उठून बाहेर आल्या व नातवाला म्हणाल्या, "अरे, कालपर्यंत आईच्या कुशीत होतं ते. आज घरी आणलंत आणि आजच कोंडलंत?"

"आजी, अगं हा तुरुंग नाही," नातू म्हणाला. "कुत्र्याची मूळ जात गुहेत राहणारी. त्याला अशी बंद जागा आवडते."

"गुहेला कडी कधी पाहिलीस तू?"

ह्या प्रश्नावर चिरंजीवांपाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्हांस पंच नेमण्यांत आलें. आम्ही कांहीं श्वानविद्येंतले जाणते नव्हों. परंतु दोन्ही पक्षांनीं साक्ष काढली होती ती भूतकाळाची, आणि भूतकाळ काय सांगतो एवढें पाहणें आमच्या आवांक्यांतलें होतें.

प्रथम गुहेचाच मुद्दा घेऊं. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. पण लांडगा गुहेंत राहतो असें म्हणणें म्हणजे स्त्रिया बाळंतिणीच्या खोलींत राहतात असें म्हणण्यासारखें आहे. लांडगी विण्याच्या सुमारास बीळ उकरते किंवा एखादें जुनें बीळ मोठें करून घेते. पिलें आठ-दहा आठवड्यांचीं होईपर्यंत तेथें राहतात. पुढें तीं उघड्यावरच्या एखाद्या ठराविक जागीं नेलीं जातात आणि बिळाचा संबंध सुटतो. मोठे लांडगे उघड्यावर निजतात, हिवाळ्यांत बर्फावरसुद्धां. आपल्या खेड्यांतील कुत्री कडब्याच्या गंजीखालीं किंवा पडक्या भिंतीच्या आडोशाला जागा उकरून विते, ती ह्याच वंशाची रीत. त्या जागेंत आई असते आणि कडी नसते. इतक्यापुरता आजींचा पक्ष खरा.

परंतु नातवाच्या म्हणण्यांतहि एक सत्याचा अंश आहे. जन्मल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे आईच पिलांना चाटून त्यांचें मलमूत्र नाहींसें करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तीं लटपटत निजण्याच्या जागेबाहेर जाऊं लागतात, आणि साडेआठ आठवड्यांच्या आसपास विधीसाठीं ठराविक जागा धरूं लागतात. अमेरिकेंतील मेन प्रांतांत बार हार्बर येथें जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास करून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हें सविस्तर नमूद आहे. निजण्याची जागा घाण करावयाची नाहीं ही शिसारी पिलूं जन्मतःच घेऊन येतें, आणि पेटीची सारी विद्या ह्या एका शिसारीवर उभी आहे. म्हणूनच पेटी पिलाला उभें राहतां यावें, वळतां यावें व अंग ताणून निजतां यावें एवढीच असावी लागते. मोठी असली तर एका कोपऱ्यांत शयनगृह व दुसऱ्यांत शौचकूप अशी व्यवस्था तें लावून घेतें. निजून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर न्यावयाचें व काम झाल्यावर तेथल्या तेथें कौतुक करावयाचें, एवढाच विधि. मात्र दोन-तीन महिन्यांच्या पिलाला दोन-तीन तासांपलीकडे धीर धरवत नाहीं. त्याहून अधिक वेळ कडी लागली तर तें नाइलाजानें आपलेंच अंथरूण भिजवतें. आणि असें वारंवार झालें म्हणजे ती जन्मजात शिसारीच मोडते, व एकदां मोडली कीं पुन्हां जागी करणें फार कठीण. म्हणजे ज्या साधनानें ही संवय लागावयाची, त्याच साधनानें ती कायमची बिघडतेहि.

आतां इतिहास. आपल्या वाङ्मयांत कुत्र्याच्या पिलाचा पहिला मोठा प्रसंग आहे तो महाभारताच्या आदिपर्वांत. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्राला बसलेला असतां देवशुनी सरमेचा मुलगा तेथें आला. श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन ह्या राजाच्या भावांनीं त्याला बडविलें. तें रडत आईकडे गेलें. आईनें प्रथम हेंच विचारलें कीं तूं कांहीं आगळीक केली असशील. तें म्हणालें कीं मीं हविर्द्रव्याला तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलेंदेखील नाहीं. तेव्हां सरमा स्वतः यज्ञमंडपांत गेली व तिनें जाब मागितला. कोणी उत्तर दिलें नाहीं. अपराध नसतां मारलेंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारें भय कोसळेल, असें सांगून ती निघून गेली. आणि एवढा सम्राट् भयभीत होऊन पुरोहित शोधीत फिरूं लागला. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलें कुत्रें सर्वांना आठवतें. हें आरंभींचें पिलूं मात्र फारसें कोणास आठवत नाहीं. सकाळीं केव्हां तरी ओली केलेली सतरंजी संध्याकाळीं दाखवून पिलाला बडविणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. आपल्याला मार कशासाठीं बसला हें त्या पिलाला सरमेच्या मुलाइतकेंच ठाऊक नसतें.

ह्यापलीकडे आपल्याकडे पिलाला घरांत वागावयास शिकविण्याच्या विद्येचा फारसा विस्तार झाला नाहीं. कल्याणच्या चालुक्य सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' रचला, त्यांत कुत्र्यांच्या विनोदाचें एक प्रकरण आहे; पण तें शिकारीच्या करमणुकीचें. घरगुती कुत्र्याची जागा अंगणांत, ओट्यावर, फार तर पडवींत. दार दिवसभर उघडें. त्याची सोय तें आपली आपण पाही. अपवाद मोठे गमतीचे. साताऱ्याच्या शाहू महाराजांना त्यांच्या आवडत्या कुत्र्यानें वाघापासून वांचविलें, तेव्हां त्यांनीं त्याला जहागिरीची सनद करून दिली व पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. संगम माहुलीस त्या कुत्र्याचें स्मारक दाखवितात. पालखी हीसुद्धां एक पेटीच म्हणावयाची. पण तिला भोई होते आणि कडी नव्हती.

कुत्र्याला कोंडण्याचा व बांधण्याचा लेखी विचार आम्हांस प्रथम आढळतो तो रोमन लोकांच्या शेतीच्या ग्रंथांत. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत केटोनें शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्यांत त्याचा सल्ला असा आहे कीं, राखणीचीं कुत्रीं दिवसा कोंडून ठेवावीं, म्हणजे रात्रीं तीं अधिक तिखट व जागरूक होतात. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आज जो उपाय कुत्रें शांत व्हावें म्हणून सांगतात, तोच उपाय हा जुना शेतकरी तें खवळावें म्हणून सांगत आहे, आणि आपल्या दृष्टीनें त्याचेंहि चुकत नाहीं! केटोनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, इ. स. पू. ३७ च्या सुमारास, ऐंशीच्या घरांत पोहोंचलेल्या व्हॅरोनें पिलांचा विषय अधिक कळवळ्यानें घेतला. पिलांना प्रथम हलक्या दोरीनें बांधण्याची संवय करावी, तीं दोरी कुरतडूं लागलीं तर मारून परावृत्त करावें, आणि पावसाळी दिवसांत त्यांच्याखालीं पाला किंवा चारा अंथरावा, म्हणजे तीं माखत नाहींत व गारठत नाहींत, असें तो सांगतो. एका हातांत छडी व दुसऱ्या हातांत गवताचें अंथरूण, असें हें चित्र आहे. पुढच्या शतकांतला कोलुमेला तर पिलांच्या नांवांचाहि नियम घालतो: नांव फार लांब नसावें, म्हणजे हांक लवकर कळते, पण दोन अवयवांहून तोकडेंहि नसावें.

ह्या सर्वांत निराळा वाटतो तो एरियन. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा, एपिक्टेटसचा शिष्य आणि रोमन साम्राज्याच्या कॅपडोशिया प्रांताचा सुभेदार असलेला हा गृहस्थ दुसऱ्या शतकांत शिकारी कुत्र्यांवर एक छोटें पुस्तक लिहून गेला. त्यांत तो आपल्या 'होर्मे' नांवाच्या कुत्रीविषयीं लिहूं लागतो तेव्हां सुभेदारी बाजूला राहते. ती घरीं असतां त्याला सोडीत नसे, तो बाहेर निघाला कीं मागोमाग येई, आणि निरनिराळ्या गरजांसाठीं निरनिराळे आवाज काढी. कुत्र्याला मऊ व ऊबदार अंथरूण द्यावें, पण सर्वांत उत्तम म्हणजे त्यानें माणसाजवळ निजावें, असें त्याचें मत आहे. पहिल्या रात्रीं रडणाऱ्या पिलाचें काय करावें ह्या प्रश्नावर अठराशें वर्षांपूर्वीं दिलेलें ह्याहून समंजस उत्तर आमच्या पाहण्यांत नाहीं.

मध्ययुगांतल्या युरोपांत कुत्र्यांचीं घरें झालीं. अर्थात् राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांत. फ्वा येथील काउंट गास्तों फेब्यूस ह्यानें १३८७ सालीं शिकारीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहावयास घेतला. पुढें पंधराव्या शतकाच्या आरंभीं यॉर्कचा ड्यूक एडवर्ड ह्यानें त्याचें इंग्रजींत रूपांतर केलें. हा एडवर्ड १४१५ सालीं आझांकूरच्या लढाईंत पडला. ह्या ग्रंथांतील कुत्र्यांच्या घराचें वर्णन वाचून आम्ही चकित झालों. घर लांकडाचें असावें, जमिनीपासून उंच उचललेलें असावें, वर माळा असावा म्हणजे उन्हाळ्यांत थंड व थंडींत ऊबदार राहतें. पेंढा वरचेवर बदलावा. थंडीसाठीं शेकोटीची सोय असावी. पेंढा गुंडाळलेले लहान खुंट जमिनींत रोंवावेत, म्हणजे कुत्रीं तेथें मूत्रविसर्जन करतील; ठराविक जागीं नेण्याच्या विद्येचा हा सहाशें वर्षांपूर्वींचा नमुनाच समजावा. घराला पुढें एक व मागें एक दार असावें, आणि दिवसभर ऊन राहील असें गवताळ अंगण लागूनच असावें. त्या अंगणांत वाटेल तेव्हां जातां येण्यासारखें कुत्र्यांना हितकर दुसरें कांहीं नाहीं, अशी ग्रंथकाराची समजूत. आणि रात्रीं? रात्रीं शिकारखान्यांतला एक पोऱ्या त्यांच्याबरोबर तेथेंच निजत असे, कुत्रीं भांडूं नयेत म्हणून. त्या पोऱ्याचें नांव कोणी लिहून ठेविलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत कुत्रें आगगाडींत चढलें व प्रदर्शनांत बसलें. इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ च्या जूनमध्यें कुत्र्यांचें पहिलें मोठें प्रदर्शन भरलें असें मानतात. दूरच्या गांवाहून न्यावयाचें, रांगेंत मांडावयाचें, परत आणावयाचें, ह्या उद्योगाला पेटी सोयीची. पेटींत कुत्रें घालण्याचा हेतु येथें बदलला. ऊन, थंडी व भांडणें टाळण्यासाठीं जें घर होतें, तें आतां माल पोहोंचविण्याचें साधन झालें. प्रयोगशाळांनीं आणखी एक पाऊल टाकलें. न्यूयॉर्कमध्यें एडवर्ड थॉर्नडाइक ह्यानें १८९८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हां मांजरांना व कुत्र्यांना खोक्यांत कोंडून तीं कडी कशी व किती वेळांत काढतात हेंच तो मोजीत होता. पावलॉव्हच्या कुत्र्यांची कथा सर्वश्रुत आहे. पण तिच्यांतला एक प्रसंग फारसा सांगितला जात नाहीं. १९२४ च्या सप्टेंबरांत लेनिनग्राड येथें नेवा नदीला महापूर आला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढलें. कुत्रीं पोहत पोहत छताला लागलीं, पण पिंजऱ्याचीं दारें खालीं, पाण्यांत. नोकरांनीं त्यांना पाण्याखालीं ओढून दारांतून बाहेर काढलें. कुत्रीं वांचलीं, परंतु त्यांतल्या कित्येकांचें महिनोन् महिने शिकविलेलें सारें पुसून गेलें. आणि पुढें एका कुत्र्याच्या खोलींत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली तरी त्याची तीच स्थिति होई. पावलॉव्हनें ह्यावरून मेंदूविषयीं पुष्कळ अनुमानें काढलीं. आम्हांस मात्र तें खालचें दार विसरवत नाहीं.

पेटीची संवय लावण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयोग मात्र ह्यानंतर तेहेतीस वर्षांनीं झाला, आणि तोहि त्याच देशांत. मॉस्कोच्या रस्त्यांवरचीं भटकीं कुत्रीं भूक व थंडी सोसण्यांत तयार असतात म्हणून अंतराळांत पाठविण्यासाठीं तीं निवडण्यांत आलीं. त्यांतल्या आल्बिना, मुश्का व लायका ह्या तीन कुत्र्या दुसऱ्या स्पुट्निकसाठीं तयार केल्या गेल्या. तयारी कसली? त्यांना एका पिंजऱ्यांतून त्याहून लहान पिंजऱ्यांत, त्यांतून आणखी लहान पिंजऱ्यांत, असें क्रमाक्रमानें आंवळीत नेलें, आणि एकेका वेळीं वीस-वीस दिवसांपर्यंत तेथें ठेवलें. कुत्र्यांनीं मलमूत्र विसर्जन बंद केलें. त्या अस्वस्थ झाल्या, त्यांची प्रकृति खालावली. रेचकांचाहि उपयोग होईना. निजावयाच्या जागीं घाण करावयाची नाहीं हा जो जन्मजात नियम वर सांगितला, तोच त्या पाळीत होत्या. शेवटीं दीर्घ सरावानेंच तो मोडला. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं लायका आकाशांत गेली. तिच्या कोठडींत उभें राहतां येई, निजतां येई. वळतां येत नसे. परत आणण्याची योजनाच नव्हती. ती कित्येक दिवस जगली असें जगाला सांगण्यांत आलें. उड्डाणानंतर कांहीं तासांतच उष्णतेनें ती गेली, हें २००२ सालीं उघड झालें. ह्या कामावरील शास्त्रज्ञ व्लादिमिर याझ्दोव्स्की ह्यानें उड्डाणापूर्वीं एके दिवशीं तिला आपल्या घरीं मुलांबरोबर खेळावयास नेलें होतें. दुसरा शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को ह्यानें १९९८ सालीं, वृद्धपणीं, ह्या गोष्टीचा खेद जाहीरपणें बोलून दाखविला.

लायकेची कथा पिलाच्या पेटीला जोडण्यांत अतिशयोक्ति आहे, असें वाचक म्हणतील. आम्हांसहि तसें वाटून आम्हीं ती एकदां लिहून खोडली होती. परंतु घरच्या पेटीचे जे धडे छापून येतात त्यांचा सर्व भर 'हळूहळू' ह्या शब्दावर असतो: आज एक मिनिट, उद्यां पांच, परवां अर्धा तास. क्रमाक्रमानें केलें कीं तें दयाळूपणाचें झालें, असा एक समज त्यांतून पसरतो. मॉस्कोंतल्या त्या मंडळींनींहि सर्व कांहीं क्रमाक्रमानेंच केलें होतें. पिलाच्या बाबतींत ती क्रमिकता कोणाच्या सोयीसाठीं आहे व कोठें जाऊन थांबणार आहे, हें पाहावें लागतें. घरांत कोणी जागें आहे, पिलूं कुईं करतांच दार उघडतें आणि तें खालीं नेलें जातें, अशी पेटी म्हणजे पाळणा. सकाळीं नऊला कडी लावून सायंकाळीं सहाला काढावयाची असेल तर ती केटोची कोठडी, मग आंत गादी कितीहि मऊ असो.

कायदे करणाऱ्यांनींहि ह्या प्रश्नाकडे दोन तऱ्हांनीं पाहिलें आहे. अमेरिकेंत पेटी हें पिलाच्या शिक्षणाचें सर्वमान्य साधन. उलट स्वीडनमध्यें, प्रवास, प्रदर्शन अशा ठराविक प्रसंगांखेरीज, घरांत कुत्रें पिंजऱ्यांत बंद करून ठेवणें नियमानें मना आहे. म्हणून स्वीडिश कुत्रीं घर घाण करतात असें ऐकिवांत नाहीं. आपल्याकडे १९६० सालच्या प्राणिक्लेश-निवारण कायद्याचें अकरावें कलम पुष्कळांनीं वाचलेलें नसतें. हालचालीला पुरेसा नाहीं अशा पिंजऱ्यांत प्राणी ठेवणें, त्याला अवास्तव वेळ बांधून ठेवणें, आणि नेहमीं बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणें, हे तिन्ही त्यांत गुन्हे आहेत.

पंचनिवाडा आम्हीं असा दिला कीं पेटी ठेवावी व कडीचा हिशेब आजींनीं ठेवावा. दोन्ही पक्षांनीं थोडी कुरकुर करून तो मान्य केला. आजींनीं आपली गादी पेटीशेजारीं घातली व आपल्या जुन्या लुगड्याची चौघडी आंत अंथरली. पहिला आठवडा पेटींत फक्त जेवण, दार उघडें. पुढें फरशी पुसतांना किंवा सिलिंडरवाला आला असतां घटकाभर कडी लागूं लागली, तेव्हां पिलानें तिची फारशी दखल घेतली नाहीं. रात्रीं अडीचच्या सुमारास तें जाळीला पंजा लावी, आजी नातवाला हांक मारीत, आणि नातू डोळे चोळीत त्याला कांखेंत घेऊन तळमजल्यावर जाई. आषाढाच्या झडींत पिलानें पावसांत पाऊल टाकावयास साफ नकार दिला व दोनदां जिन्यांतच घोटाळा झाला. त्याबद्दल शेजाऱ्यांची चिठ्ठीहि आली. श्रावण संपतां संपतां अडीचचे पांच झाले.

नांवाचा वाद मात्र अजून मिटलेला नाहीं. नातू त्याला ब्रूनो म्हणतो, आजी बाळ्या म्हणतात, आणि तें दोन्ही हांकांना येतें. कोलुमेलाच्या नियमांत दोन्ही नांवें बसतात, एवढें आम्हीं त्यांना सांगून ठेविलें आहे.